घोडा पागेचा, कसब स्वाराचे: चौल बंदर ते मराठी घोडदळ

१/ मोटारसायकल शर्यतींत नवे स्वार घडवणाऱ्या चांगल्या संघाची रीत अशी: गाडी संघाची, टायर नि दुरुस्ती संघाची; तरुणाने आणायचे ते केवळ कसब. ऐपत नसलेल्या मुलाला वेगाचे वाहन मिळणार कसे, हा प्रश्न मात्र मोटारीहून फार जुना आहे. त्याचे मराठी उत्तर समजून घेण्यासाठी आधी चौलला जाऊ.

२/ अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या मुखाजवळ आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत विसावलेले चौल एकेकाळी गजबजलेले बंदर होते. अरब प्रवासी त्याला ‘सैमूर’ म्हणत. दहाव्या शतकात अल्-मसूदी येथे येऊन गेला. या बंदरात उतरणाऱ्या मालात एक माल जिवंत होता: अरबी आणि इराणी घोडा.

३/ १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून चौलला उतरला. सोबत विकण्यासाठी आणलेला एकच घोडा होता. आणण्यास शंभर रूबल खर्च झाल्याचे त्याने नोंदवले आहे. जुन्नरच्या असदखानाने तो घोडा हिसकावून घेतला. मध्यस्थीनंतर कुठे तो परत मिळाला. पुढे बिदरला त्याची विक्री झाली. रेवदंड्यात निकितिनचे स्मारक आहे.

४/ एका घोड्यासाठी एवढा आटापिटा का? निकितिनच लिहितो, की या देशी घोडे निपजत नाहीत. हे विधान अतिशयोक्त आहे. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे काटक म्हणून पुढे नावाजली. परंतु मोठ्या, उमद्या जनावरासाठी दख्खनच्या सत्तांना समुद्राकडेच पाहावे लागे. समुद्रमार्गे आलेला घोडा साहजिकच महाग पडे.

५/ म्हणून बंदर ज्याच्या हाती, त्याच्या हाती घोडदळाची एक दोरी. बहमनींनंतर चौल निजामशाहीकडे आले. १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी रेवदंड्याला ठाणे घातले. अखेर १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या ताब्यात आले.

६/ आता स्वाराकडे वळू. मराठी फौजेत स्वार दोन प्रकारचे. शिलेदार स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिराजवळ घोडा नसे. तो सरकारच्या किंवा एखाद्या शिलेदाराच्या घोड्यावर बसे. सरकारी घोड्यांचे पथक म्हणजे पागा.

७/ वरवर पाहता शिलेदार श्रेष्ठ. पण त्याची अडचण ध्यानात घ्या. घोडा हीच त्याची पुंजी. तो रणात पडला, तर चाकरीच धोक्यात. अशा माणसाने जनावराला जपून लढणे स्वाभाविक होते. पागेच्या बारगिराला ती धास्ती नव्हती, कारण घोड्याचे नुकसान सरकारच्या खाती पडे.

८/ १६९४ मध्ये लिहिलेल्या सभासद बखरीत शिवकालीन पागेची रचना आढळते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा नि नाल ठोकणारा हाताशी असल्यावाचून वेग टिकत नाही, हे त्या मांडणीत गृहीतच आहे.

९/ पावसाळ्यात लष्कर छावणीस परते. तेथे दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेल्या पागा आधीच सिद्ध असत. दसऱ्यानंतर पुन्हा मुलूखगिरी.

१०/ या व्यवस्थेत शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीत ठेवण्याचा कटाक्ष होता. घोड्याची मालकी कोणाची, याहून शिस्त कोणाची, हे महत्त्वाचे मानले गेले.

११/ खासगी पथकेही माणसे घडवीत. १६९३ मध्ये जन्मलेला, जेजुरीजवळच्या होळ गावचा एक मुलगा लहानपणीच पोरका झाला. आई त्याला घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे आली. मामा भोजराज बारगळ हे सरदार कदम बांडे यांच्यासाठी घोडेस्वारांचे पथक बाळगून होते. त्याच पथकात भाचा स्वारी शिकला.

१२/ तो मुलगा म्हणजे मल्हारराव होळकर. पुढे पेशव्यांच्या चाकरीत पाचशे स्वारांचा अधिकार, मग माळव्याची सुभेदारी. मामांची कन्या गौतमाबाई त्यांच्या पत्नी झाल्या. मल्हाररावांचे शौर्य त्यांचे स्वतःचे. पण पहिला घोडा मामांच्या पथकाचा होता.

१३/ या कहाणीला दुसरी बाजूही आहे. १७४०च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या. तेथे ‘बारगीर’चे ‘बर्गी’ झाले आणि तो शब्द लुटीच्या भयाशी कायमचा जोडला गेला. स्वार घडवणारी व्यवस्था त्याला कोणावर सोडते, याचाही हिशेब इतिहास ठेवतो.

१४/ इतिहास बहुधा स्वाराचे नाव लक्षात ठेवतो. घोडा कोणी दिला, दाणा कोणी घातला, नाल कोणी ठोकली, हे विसरतो. चौलच्या वाड्यांतून फिरताना तेवढे आठवावे. आणि तुमच्या गावी ‘पागा’ नावाची आळी किंवा वाडा असेल, तर तेथे कोणाची घोडी बांधली जात, हे घरच्या वडीलधाऱ्यांना अवश्य विचारा.