गुरूचा आंकडा आणि शिष्याचें मोजमाप

गुरूच्या शब्दाला मान द्यावा, असें लहानपणापासून शिकविलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु गुरूनें शिकविलेल्या रीतीनेंच मोजमाप करीत असतां शिष्याच्या हातीं गुरूच्या उत्तराहून निराळें उत्तर आलें, तर त्यानें काय करावें? रॉबर्ट एमर्सन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञापुढें हा प्रश्न सुमारें वीस वर्षें उभा होता.

हिरवें पान सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी व कर्बवायु यांपासून अन्न तयार करतें आणि प्राणवायु बाहेर टाकतें, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. प्रकाश सूक्ष्म कणांच्या रूपानें येतो, हें विसाव्या शतकाच्या आरंभीं कळलें. मग प्राणवायूचा एक रेणु मोकळा करण्यास किती प्रकाशकण खर्चावे लागतात, हा हिशेब ओघानेंच आला. जर्मनीचे ऑटो वारबुर्ग यांनीं १९२२-२३ च्या सुमारास त्याचें उत्तर दिलें: चार. तांबड्या प्रकाशाचे चार कण पुरत असतील, तर त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश शक्ति अन्नांत सांठते. ही काटकसर निसर्गाला शोभणारी वाटली आणि तो आंकडा रूढ झाला. १९३१ सालीं वारबुर्ग यांना पेशींच्या श्वसनावरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. त्यामुळें त्यांच्या शब्दाचें वजन आणखीच वाढलें.

एमर्सन यांचा जन्म १९०३ सालीं न्यूयॉर्क येथें झाला. हार्वर्ड विद्यापीठांतून ते बर्लिनला गेले आणि वारबुर्ग यांच्याच हाताखालीं १९२७ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. क्लोरेला नांवाचें एकपेशी हिरवें शेवाळ प्रयोगासाठीं कसें वाढवावें, वायूच्या दाबांतील सूक्ष्म फरक दाबमापक नळीनें कसा टिपावा, ही विद्या गुरूचीच होय. १९३२ सालीं कॅलिफोर्नियांत विल्यम आर्नल्ड या विद्यार्थ्यासह त्यांनीं शेवाळावर क्षणमात्र टिकणारे प्रकाशाचे झोत टाकले. एका झोतामागें हरितद्रव्याच्या सुमारें २५०० रेणूंमिळून प्राणवायूचा एकच रेणु निघतो, असें आढळलें. हरितद्रव्याचे रेणु एकेकटे राबत नसून मोठ्या मेळानें काम करतात, या कल्पनेचा पाया तेथें घातला गेला.

पुढें स्टॅनफर्ड येथील कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेंत चार्लटन लुइस यांच्यासह त्यांनीं प्रकाशकणांचा हिशेब पुन्हां मांडला. तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट दिसली. अंधारांतील शेवाळावर प्रकाश पडतांच पहिल्या कांहीं मिनिटांत कर्बवायूचा एक लोंढा बाहेर पडतो. दाबमापक नळी दाब दाखविते. तो कोणत्या वायूचा, हें ती सांगत नाहीं. हा कर्बवायु प्राणवायूच्या खातीं जमा झाला, कीं चार हें उत्तर येणारच. तो वगळून मोजल्यावर उत्तर येई तें आठ ते बारांच्या दरम्यान.

याच काळांत दुसरें महायुद्ध आलें. १९४२ सालीं अमेरिकेनें आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलें. एमर्सन यांनीं मॅनझनार येथील छावणींतील बंदिवानांना हाताशीं धरून ग्वायूली नांवाच्या झुडुपापासून रबर काढण्याचें काम सुरू करून दिलें. लोकमताच्या लाटेबरोबर वाहून न जाणें हा त्यांचा स्वभावच होता.

युद्धानंतर ते इलिनॉय विद्यापीठांत अर्बाना येथें गेले. १९४८ सालीं त्यांनीं वृद्ध गुरूला तेथें पाचारण केलें. एकाच छताखालीं मोजून वाद मिटवावा, अशी योजना होती. वारबुर्ग कांहीं महिने राहिले, परंतु एकमत झालें नाहीं. मनें मात्र दुरावलीं. वारबुर्ग १९७० सालीं वारले, तोंवर त्यांनीं आठ हा आंकडा मान्य केला नाहीं.

एमर्सन यांनीं वादापेक्षां प्रयोग वाढविले. तांबड्या रंगाच्या पार टोकाचा, सुमारें ६८० नॅनोमीटरांपलीकडच्या लहरींचा प्रकाश हरितद्रव्य शोषून घेतें, तरी काम फार थोडें होतें, हें त्यांना पूर्वींच दिसलें होतें. १९५७ सालीं त्यांनीं त्या प्रकाशाच्या जोडीला आंखूड लहरींचा प्रकाश दिला. दोहोंच्या संगतीनें निघालेला प्राणवायु हा दोन्ही वेगवेगळे देऊन निघालेल्या प्राणवायूच्या बेरजेहून अधिक भरला! वनस्पतींत प्रकाशाचीं दोन निराळीं कार्यें एकमेकांच्या साह्यानें चालतात, याचा हा पहिला ठळक पुरावा होय.

४ फेब्रुवारी १९५९ रोजीं एमर्सन यांचें विमान न्यूयॉर्क येथें ईस्ट नदींत कोसळलें. ते तेव्हां ५५ वर्षांचे होते. अलाहाबादेहून १९५६ सालीं त्यांच्याकडे शिकण्यास गेलेले गोविंदजी आणि मागाहून आलेल्या त्यांच्या पत्नी रजनी यांचें अध्ययन अर्ध्यावर राहिलें होतें. तें यूजीन राबिनोविच यांच्या मार्गदर्शनाखालीं पुरें झालें. गोविंदजींनीं पुढें याच विषयाला आयुष्य वाहिलें.

त्यानंतर थोड्याच वर्षांत दोन प्रकाशकार्यांची उपपत्ति सिद्ध झाली आणि जुन्या वादाचाहि उलगडा झाला. प्राणवायूचा एक रेणु निघतांना पाण्यांतून चार इलेक्ट्रॉन उचलले जातात, आणि प्रत्येकाला वाटेंत दोनदां प्रकाशाचा धक्का लागतो. चार दुणे आठ. शिष्यानें आयुष्यभर मोजून काढलेला आंकडा असा रास्त ठरला. पण तो ऐकावयास शिष्य हयात नव्हता, आणि गुरु हयात असूनहि त्यांनीं तो ऐकला नाहीं. तथापि ज्या कसोटीनें गुरूचें उत्तर चुकीचें ठरलें, ती कसोटी लावण्याचें शिक्षण गुरूनेंच दिलें होतें. त्या विद्येचा मान एमर्सन यांनीं ती प्रामाणिकपणें वापरूनच राखला.