जुजुत्सू, कुस्ती आणि उगमाचा हट्ट



नात्यातल्या एका तरुणाने मध्यंतरी मला एक निरोप धाडला. कराटे, ज्युदो, जुजुत्सू या साऱ्या विद्या आपल्याकडूनच चीनमार्गे जपानात गेल्या, बोधिधर्म नावाच्या भिक्षूने त्या नेल्या, आणि ज्याला अभिमान असेल त्याने हे पुढे पाठवावे, असा त्याचा सारांश. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून हा लेख.

आधी जुजुत्सू म्हणजे काय ते पाहू. ‘जू’ म्हणजे मऊ, लवचीक. ‘जुत्सू’ म्हणजे कला. समोरच्याने ढकलले तर आपण ओढायचे, त्याने ओढले तर ढकलायचे. त्याच्या जोराला जोर लावायचा नाही, त्याच्याच जोराने त्याचा तोल घालवायचा. तापीला पूर आला की काठचे मोठे झाड उन्मळून पडते आणि गवत मात्र आडवे होऊन पुन्हा उभे राहते, तसे काहीसे.

ही विद्या सामुराई योद्ध्यांची. अंगावर चिलखत असलेल्याला बुक्का मारून काय उपयोग? त्याला पाडायचे, सांधा पिरगाळायचा, गळा आवळायचा, नाहीतर आखूड शस्त्र चालवायचे. ताकेनोउची हे तिथले सर्वांत जुन्या घराण्यांपैकी एक. त्याची स्थापना १५३२ ची मानतात. पुढे १८६८ नंतर नवी राजवट आली, १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली आणि या विद्येचे दिवस फिरले.

तिला सावरले ते एका शिक्षकाने, याचे मला विशेष वाटते. जिगोरो कानो हे अंगाने किरकोळ गृहस्थ. त्यांनी दोन जुन्या घराण्यांची विद्या शिकून १८८२ मध्ये टोकियोच्या एका बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, कोदोकान ही शाळा काढली. जुजुत्सूचे नाव बदलून त्यांनी ‘ज्युदो’ ठेवले. ‘दो’ म्हणजे मार्ग. पुढे शिक्षक तयार करणाऱ्या टोकियोच्या मोठ्या संस्थेचे ते अनेक वर्षे प्रमुख होते.

कानोंनी केलेला खरा बदल नावाचा नव्हता. बोटे मोडणारे, डोळ्यांना इजा करणारे डाव पूर्ण ताकदीने रोज करता येत नाहीत. जोडीदार संपून जाईल. ते डाव ठरावीक पद्धतीने, सावकाश, जणू नाटकाच्या तालमीसारखे करावे लागतात. कानोंनी असे डाव सरावातून बाजूला काढले आणि उरलेल्यांची मोकळी, पूर्ण जोराची झोंबी रोज सुरू केली. त्यासाठी पडायचे कसे हे आधी शिकवले. कमी घातक डाव शिकलेली त्यांची मुले जुन्या घराण्यांच्या पठ्ठ्यांना भारी पडू लागली. जे रोज खरे करून पाहता येते तेच वेळेला हाताशी येते. गणिताच्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको.

आता आपली कुस्ती पाहा. तिथेही बुक्का नाही, लाथ नाही, आणि रोज पूर्ण जोराची लढत आहे. फरक पोशाखापासून सुरू होतो. ज्युदोत जाड अंगरखा असतो, त्याची कॉलर आणि बाही धरून फेकतात. आपला पैलवान लंगोटावर, अंगाला माती. त्यामुळे मान, मनगट, कंबर, पट हेच पकडायचे. दुसरा फरक निकालाचा. आपल्याकडे पाठ मातीला लागली, चितपट झाली, की कुस्ती संपली. जुजुत्सूत खाली पडल्यावर अर्धे काम उरते. १९१४ मध्ये ब्राझीलला पोचलेल्या मित्सुयो माएदा या जपानी मल्लाकडून ग्रेसी घराण्याने ही विद्या घेतली आणि जमिनीवरचाच भाग वाढवला. तिथे पाठीवर पडलेला माणूसही वरच्याचा हात अडकवून त्याला हार मानायला लावतो. आपल्या पैलवानाला हे पटणे कठीण!

कराटेचे घर तिसरेच. ते ओकिनावा बेटावरचे. फुनाकोशी या दुसऱ्या एका शाळामास्तरांनी १९२२ मध्ये ते टोकियोत दाखवले. तिथे मुख्य काम प्रहाराचे. कोरियाच्या तायक्वांदोत पायाला अधिक मान.

पण डाव पाहिले तर नवल वाटते. ज्युदोचा खांद्यावरून फेकायचा डाव आणि आपली धोबीपछाड सख्ख्या बहिणी शोभतील. बाहेरली टांग तिथेही आहे. एका धिप्पाड सोबत्याला पाडण्यासाठी कानोंनी पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकात पाहून एक डाव बसवला होता. त्यात प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवे घेऊन फेकायचे. आपले पैलवान त्याला कलाजंग म्हणतात. मग कलाजंग युरोपातून आली की युरोपने आपल्याकडून चोरली? दोन्ही नाही. माणसाला सगळीकडे दोनच पाय आणि एकच कंबर. तोल जाण्याचे मार्ग मोजकेच, ते ज्याने त्याने आपापल्या मातीत शोधले. सारखेपणा हा उगमाचा पुरावा नव्हे.

बोधिधर्माचेही तसेच. त्याचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा. त्याच्याविषयीच्या जुन्या चिनी नोंदी ध्यानाबद्दल बोलतात, मारामारीबद्दल नाही. व्यायामाशी त्याचे नाव जोडणारा ‘यी जिन जिंग’ हा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे हजार वर्षांनंतरचा. त्याची प्रस्तावना बनावट असल्याचे तांग हाओ या चिनी अभ्यासकानेच दाखवून दिले. शिवाय ती कथा शाओलिनची. जुजुत्सू तिच्यात कुठेच बसत नाही.

आणि आपल्याला उसन्या मोठेपणाची गरज तरी काय? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला. धुळ्याने १९६२ मध्ये महाराष्ट्र केसरीची लढत पाहिली, भगवान मोरे जिंकले होते. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीनदा ती गदा आणली.

दोन्ही परंपरांची खरीखुरी गाठ पडली ती १९५२ मध्ये, हेलसिंकीला. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ढाक डावाच्या जोरावर स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले. त्याच गटात सुवर्ण घेतले जपानच्या शोहाची इशी यांनी. हे इशी मूळचे ज्युदोवाले. युद्धानंतर अमेरिकी अंमलाने ज्युदोवर बंदी घातली म्हणून ते कुस्तीकडे वळले आणि सात वर्षांत जगज्जेते झाले. एकाने आपली विद्या बंद पडल्यावर दुसऱ्याची मनापासून शिकून घेतली. ती आधी कोणाची, हे विचारत तो बसला नाही.

मुलीला कोणता क्लास लावावा, असे जळगावातले पालक आता विचारतात. माझे सांगणे एवढेच : पाटीवरचे नाव पाहू नका. तासभर कडेला बसून पाहा. मुले नुसती हवेत हात फिरवतात की एकमेकांशी खरी झोंबी घेतात? पडायला शिकवतात का? शिकवणारा मुलांशी कसा वागतो? आणि कितीही डाव आले तरी संकटात पहिला डाव पळ काढण्याचाच, हे तो सांगतो का?

तो निरोप मी पुढे पाठवलेला नाही. तुम्हाला आला तर हा लेख पाठवा.