सहा प्रश्न आणि एक राहून गेलेला

आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की प्रश्नांचा नुसता पाऊस पडतो. व्हिसा झाला का, पगार किती, त्याचे रुपये किती होतात, लग्नाचं काय, परत येणार की तिकडचेच होणार... आमच्या नात्यातली एक मुलगी सध्या जर्मनीला निघाली आहे, त्यामुळे गेले दोन महिने आमच्याकडे दुसरा विषय नाही. काका, मावश्या, शेजारी सगळे आपापल्या परीने तिची परीक्षा घेतायत. हे सगळं ऐकताना मला सारखी आठवण होते ती एका जुन्या भाषणाची.

२४ फेब्रुवारी १८८३. कलकत्त्याजवळच्या सेरामपूर गावातल्या कॉलेजचं सभागृह. (आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे बरं का!) समोर बरीच मंडळी जमलेली आणि व्यासपीठावर नऊवारीतली एक मराठी मुलगी. वय वर्षं सतरा. अमेरिकेला जाऊन डॉक्टर व्हायचं तिने ठरवलेलं होतं आणि आपण का चाललो आहोत हे ती लोकांना इंग्रजीतून समजावून सांगत होती. ओळखलंच असेल तुम्ही. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत आहेत. मला कौतुक वाटतं ते त्या भाषणाच्या मांडणीचं. लोक आपल्याला जे प्रश्न विचारून भंडावतायत त्यांची त्यांनी चक्क यादी केली आणि एकेकाचं उत्तर दिलं. प्रश्न सहा. अमेरिकेला का जायचं? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीनेच का जायचं? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? तिकडे काही संकट ओढवलं तर काय करणार? आणि आजवर कुठल्याही बाईने केलं नाही ते तूच का करणार?

उत्तरं अगदी मुद्देसूद आहेत. पुरुष डॉक्टरला दाखवायला बायका संकोचतात, म्हणून बाई डॉक्टर हवी. इथे मद्रासला कॉलेज आहे, काही ठिकाणी सुईणकामाचे वर्ग आहेत, पण ते शिक्षण अपुरं. नवरा बरोबर येऊ शकत नाही कारण घरची माणसं त्याच्या कमाईवर आहेत. वाळीत टाकण्याचं म्हणाल तर मी इथे जशी राहते तशीच तिथे राहीन, खाणंपिणं आणि पेहराव बदलणार नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. संकटाचं काय, ते कुठेही गाठू शकतं. आणि कुणी केलं नाही हे न करण्याचं कारण होऊ शकत नाही.

सतरा वर्षांची मुलगी हो! नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलेलं. नवरा, गोपाळराव, पोस्टात. त्यांच्या बदल्यांमागे अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असा संसार उचलून नेलेला. बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय हे या मुलीला आपल्यापैकी कित्येकांपेक्षा जास्त कळत असणार.

आता ते सहा प्रश्न पुन्हा एकदा वाचा. सगळे कशाबद्दल आहेत? धर्म, जात, नवरा, रीत, कारण. तब्येत कशी आहे? राहणार कुठे? थंडीत अंगावर काय घालणार? रोज जेवणार काय? हे त्या यादीत नाही. पाचवा प्रश्न थोडा जवळ जातो, पण तोही संकट या एका मोघम शब्दात आटोपतो. आणि नंतरच्या चार वर्षांत काय घडलं ते पाहिलं, की गाडी अडली ती नेमकी या न विचारलेल्या गोष्टींवर.

तब्येत तर निघण्याआधीच बिघडलेली होती. कलकत्त्यात असतानाच अशक्तपणा, सतत डोकेदुखी, मधूनच ताप, कधी धाप. याची काळजी करणारी एक व्यक्ती होती आणि गंमत म्हणजे ती बसली होती अमेरिकेत. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर. गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना, १८७८ साली, बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र मिशनऱ्यांना लिहिलं होतं. ते तिकडच्या एका मासिकात छापून आलं. १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसलेल्या कार्पेंटरबाईंनी ते मासिक सहज हातात घेतलं, वाचलं आणि घरी येऊन या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. पुढे जवळजवळ तीन वर्षं पत्रं चालू होती. आनंदीबाई त्यांना मावशी मानायला लागल्या. या मावशीने आजारपणावर तिकडून औषधंही पाठवली. त्यांचा उपयोग झाला नाही ही गोष्ट वेगळी.

७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला लागली. अठ्ठावन्न दिवस! धक्क्यावर घ्यायला कार्पेंटरबाई स्वतः हजर. तो उन्हाळा रोझेलला त्यांच्या घरात गेला, घरच्या माणसांत.

खरा परदेश सुरू झाला तो त्यानंतर, फिलाडेल्फियात. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियात प्रवेश मिळाला, डीन रेचेल बॉडली यांनी मायेने सांभाळून घेतलं, शिष्यवृत्तीही मिळाली. पण खोली मिळाली तिथली शेगडी धड नव्हती. पेटवली की धूर कोंडायचा, नाही पेटवली तर गारठा. शाकाहार सोडायचा नाही, म्हणजे अभ्यास सांभाळून स्वयंपाक आपला आपण करायचा. कपड्यांची तर वेगळीच अडचण. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, ते तिथल्या थंडीला चालेना आणि तिथल्या लोकांच्या नजरेलाही. मग त्यांनी गुजराथी पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. सेरामपूरच्या सभेत दिलेला शब्दही राहिला आणि पायही झाकले गेले. मला हा तोडगा फार आवडतो. धर्म की सोय असल्या मोठ्या वादात न पडता कपाटापुढे उभं राहून काढलेला.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाई एम. डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागाही ठरली. पण तोवर क्षयाने शरीर पोखरलं होतं. नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

आणि तो चौथा प्रश्न, ज्याचा गावभर गाजावाजा झाला होता? वाळीत टाकण्याचा? परतल्यावर पुण्यात त्यांचं कौतुकच झालं. सगळ्यात जास्त भीती जिची दाखवली गेली होती, ती गोष्ट सगळ्यात सोपी गेली.

म्हणून त्यांनी जायला नको होतं असं मी म्हणतोय असं कृपया समजू नका. क्षयाचा जंतू कॉखने नुकताच, १८८२ साली, शोधला होता. त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४३ उजाडलं. पुण्यात राहिल्या असत्या तरी कदाचित हेच झालं असतं, आणि आपल्याला त्यांचं नावही माहीत नसतं. माझं म्हणणं एवढंच की ज्यावर सभा भरतात ते प्रश्न एक असतात आणि ज्यावर रोजचा दिवस निभतो ते दुसरेच. खोलीतली शेगडी कशी आहे यावर कोण सभा भरवणार?

तीस वर्षांनंतरचं आणखी एक उदाहरण देतो. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला गेले. बडोदा सरकारची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परतून दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. करार चोख. तिथल्या जेवणाचं सुरुवातीला जमेना, जागा बदलावी लागली, मग नवल भथेना या मित्राबरोबर वसतिगृहात बस्तान बसलं. परक्या देशात खोली मिळाली. १९१७ साली करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले आणि तिथे मात्र त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात जात लपवून अकरा दिवस काढले. मग काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. करारात नोकरीची मुदत होती. पण परदेशी शिकून आलेला हा माणूस रात्री झोपणार कुठे, याची सोय कुणीच केली नव्हती. जाणाऱ्याने परतीचाही विचार करावा असं आपण सहज म्हणतो. पण ज्याला परत बोलावलं त्याला छप्पर देण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची असते, हे कोण बोलणार?

तर आमच्या जर्मनीवालीला मी पगार विचारलेला नाही. (तो मला दुसऱ्यांकडून आधीच कळलाय, ती गोष्ट सोडा!) मी विचारलं ते हे. निघण्याआधी दात, डोळे, रक्त सगळं तपासून घेतलंस का? जे दुखणं इथे अंगावर काढतेयस ते तिथे वाढलं तर जाशील कुणाकडे, आणि विमा ते भरेल का? खोली नुसती फोटोत पाहिलीस की तिथे राहिलेल्या कुणाशी बोललीस? हीटर चालतो का? रोजचं तुझं तुला शिजवता येतं का? आणि रात्री दोन वाजता दार ठोठावता येईल असं त्या गावात एक तरी घर आहे का? ती म्हणाली, "काका, एवढं तर ऑफिसच्या फॉर्मवरही विचारलं नाही." अर्धे प्रश्न तिने मोबाईलमध्ये टिपून घेतले, अर्ध्यांवर हसली. चालायचंच.

कार्पेंटरबाईंचं राहिलं. आनंदीबाई गेल्यावर त्यांची रक्षा गोपाळरावांनी या मावशीकडे पाठवली. बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. तिथे आजही आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. लांबच्या देशात आपलं म्हणावं असं एक माणूस असणं म्हणजे किती असणं, हे मला त्या दगडाइतकं दुसऱ्या कशाने सांगितलेलं नाही. जाणाऱ्यांनी सामानाच्या यादीत ते सगळ्यात वर लिहावं.