कॉफीच्या डोंगरात पायी

चेन्नईत मैलापूरच्या कॉफीपूडवाल्याकडे गिऱ्हाईक नुसती ‘अर्धा किलो कॉफी’ मागत नाही. ‘प्लँटेशन ए’ किती, पीबेरी किती, चिकोरी घालायची की नाही, घातली तर किती, हे सगळं सांगून झाल्यावरच ते पैसे काढतं. दाणे समोर दळले जातात आणि पूड कोमट असतानाच पुडीत भरली जाते. पीबेरी म्हणजे फळात नेहमीच्या दोन बियांऐवजी एकच वाटोळी बी धरलेला दाणा, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. हा दाणा ज्या उतारावर पिकतो, तिथे पायी हिंडून आलेली माणसं मात्र या शहरात फारशी भेटत नाहीत.

देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात होते आणि तामिळनाडूचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. पण तो बहुतेक अरेबिकाचा, निलगिरी, पळणी, आनैमलै आणि शेवरॉय या डोंगरांतला. चेन्नईहून गाठायला सगळ्यांत सोपे आहेत ते सेलमजवळचे शेवरॉय. रात्री सेंट्रलवरून येरकाड एक्स्प्रेसमध्ये बसावं, पहाटे सेलमला उतरावं आणि वीस हेअरपिन वळणांच्या घाटाने बसने वर येरकाडला जावं. तिथून मळ्यांभोवती सुमारे बत्तीस किलोमीटरचा वळसा घालणारा रस्ता आहे. चांगल्या पायांच्या माणसाला तो दोन-तीन दिवसांचा आहे.

पण सहलीची आखणी नकाशावरचे ‘पॉइंट’ मोजून करू नये. लेडीज सीट, पगोडा पॉइंट, किलियूरचा धबधबा हे सगळं गाडीनेही एका दिवसात उरकतं. या डोंगराचा इतिहास मुळात चालणाऱ्यांचा आहे आणि तो पायीच समजतो.

सर्वांत जुनी चाल मलयाळींची. हे केरळचे मलयाळी नव्हेत. शेवरॉय आणि आसपासच्या डोंगरांतल्या या तमिळ बोलणाऱ्या आदिवासींचं नावच ‘डोंगरातले’ या अर्थाचं आहे. आपले पूर्वज कांचीपुरमहून आले असं ते सांगतात. तीन भाऊ निघाले, तीन डोंगरांत पांगले, त्यांतला थोरला शेवरॉयवर राहिला. मद्रास संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी १९०९ मध्ये छापलेल्या आपल्या जातिजमातींच्या ग्रंथात ही कथा नोंदवली आहे. कांचीपुरम चेन्नईपासून तास-दोन तासांवर. म्हणजे चेन्नईच्या मुलखातून शेवरॉयला जाण्याची वाट या लोकांच्या आठवणीत कॉफीच्या कितीतरी आधीपासून आहे.

कॉफी आली ती कंपनी सरकारच्या मागोमाग. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूकडून बारामहाल आणि सेलमचा मुलूख इंग्रजांकडे गेला. कॅप्टन अलेक्झांडर रीड आणि त्याचा मदतनीस, पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेला थॉमस मन्रो, यांनी त्याची मोजणी केली. १८२० च्या दशकात सेलमचा कलेक्टर एम. डी. कॉकबर्न याने येरकाडच्या ग्रेंज मळ्यात कॉफी लावली आणि सोबत पेअर, सफरचंदासारखी फळझाडंही. चिकमगळूरच्या बाबा बुदनांनी येमेनहून सात बिया आणल्याची कथा सतराव्या शतकातली आहे, तेव्हा कॉफी दक्षिणेला नवी नव्हती. डोंगरच्या डोंगर साफ करून मळे उठवणं मात्र नवं होतं.

मळे मालकांच्या नावांनी ओळखले गेले, राबणारे हात सपाटीवरून चढून आले. या मजुरांची खरी कहाणी समजून घ्यायची तर एक पाऊल श्रीलंकेपर्यंत टाकावं लागतं. १८३० च्या दशकापासून तमिळ जिल्ह्यांतली माणसं कंगाणीच्या, म्हणजे मुकादमाच्या मागे सामुद्रधुनी ओलांडून मन्नारला उतरत. तिथून कँडीकडच्या मळ्यांपर्यंत शंभराहून जास्त मैलांची जंगलातली वाट ती पायी तुडवत. पाणी नाही, वाटेत पटकी आणि हिवताप. कित्येक जण मळा दिसायच्या आत वाटेतच गेले. १८६९ मध्ये तिथे पानावरचा तांबेरा रोग नोंदला गेला आणि वीसेक वर्षांत त्या बेटाने कॉफी सोडून चहा धरला. रोग दक्षिण भारतातही पोचला. इथली कॉफी टिकली ती सावलीत लावण्याच्या पद्धतीने आणि पुढे निवडून घेतलेल्या चिवट वाणांमुळे. आजही येरकाडच्या मळ्यांत सिल्व्हर ओकच्या सरळसोट खोडांवर मिरीचे वेल चढलेले असतात आणि त्यांच्या खाली कॉफीची झुडपं उभी असतात.

मजुरांबद्दल सरकारला कसली काळजी होती, ते कायद्यांच्या तारखांवरून कळतं. मद्रास इलाख्यात कॉफीची चोरी रोखायला खास कायदा झाला १८७८ मध्ये. मळ्यातल्या मजुराला घर, पाणी, दवाखाना आणि रजा देणं मालकावर बंधनकारक करणारा कायदा आला १९५१ मध्ये, स्वातंत्र्यानंतर. दाण्याची राखण माणसाच्या राखणीच्या त्र्याहत्तर वर्षं आधी झाली. मळ्यांतल्या वाटांवरून चालताना ही दोन सालं लक्षात ठेवावीत.

आगगाडीने चित्र पालटलं. १ जुलै १८५६ ला मद्रासच्या रायपुरमहून वालाजाकडे पहिली गाडी सुटली आणि १८६२ पर्यंत रूळ सेलमवरून पश्चिम किनाऱ्यावरच्या बेपूरला भिडले. डोंगरातून खाली आलेला माल बंदरापर्यंत रुळांवरून जाऊ लागला. शतकाच्या अखेरीपासून मद्रास, कुंभकोणम, तंजावरच्या मध्यमवर्गाने कॉफी अशी जवळ केली की सनातन्यांनी तिच्याविरुद्ध ओरड केली. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी हा सगळा बदल आपल्या संशोधनात बारकाईने मांडला आहे. म्हणजे मैलापूरची पुडी ‘सनातन’ वाटत असली, तरी ती फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे.

या सहलीचा पहिला मुक्काम म्हणूनच चेन्नईतच असावा, एगमोरच्या संग्रहालयात. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट याला ३० मे १८६३ रोजी पल्लावरमला, आजच्या विमानतळाशेजारी, दगडी हत्यार सापडलं. भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाची ती सुरुवात. दक्षिणेचा मुलूख वर्षानुवर्षं पायांखाली घालून त्याने जमवलेला संग्रह मद्रास सरकारने विकत घेतला, तो इथेच आहे. निवृत्तीनंतर फूट राहिला येरकाडला. त्याचे सासरे, तमिळचे अभ्यासक पीटर पर्सिव्हल, १८८२ मध्ये येरकाडलाच वारले. फूटचं स्मारक तिथल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये आहे. संग्रहालयातली हातकुऱ्हाड पाहून निघालेल्या माणसाला ते चर्च वाटेवर भेटतं, तेव्हा चेन्नई आणि येरकाड यांचं नातं आपोआप जुळतं.

आता महिना ठरवायचा. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची सर पडली की आठ-दहा दिवसांत कॉफी फुलते. सगळा उतार पांढरा होतो, वास मोगऱ्यासारखा येतो आणि तीन-चार दिवसांत सारं ओसरतं. सर कधी येईल याचा नेम नसल्याने सुट्टी आधी मागणाऱ्या नोकरदाराला ही वेळ साधणं कठीण. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा मान्सून जोरात असतो, वाटा निसरड्या होतात आणि जळवा चढतात. चालायला डिसेंबर-जानेवारी उत्तम. गारवा असतो, आकाश मोकळं असतं आणि मुख्य म्हणजे तोडणी चालू असते. बायका टोपल्या कमरेला बांधून पिकलेली लाल फळं तेवढी खुडतात, हिरवी झाडावरच ठेवतात. संध्याकाळी मळ्यात वजन होतं, मग फळांची साल काढून, दाणे धुऊन अंगणात वाळायला पसरतात. ‘प्लँटेशन’ म्हणतात ती हीच धुऊन वाळवलेली अरेबिका.

मळे खासगी आहेत, तेव्हा आत शिरण्याआधी फाटकावर विचारावं. गव्यांचा वावर असतो, अंधार पडायच्या आत मुक्कामाला यावं. एक दिवस राखून ठेवावा तो सेर्वरायनच्या गुहेतल्या देवळासाठी आणि त्याखालच्या मलयाळी वाड्यांसाठी. तिथे अजून नाचणी आणि सावा पिकतो. कॉफीच्या आधी या उतारांवर काय होतं, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. सोबत तमिळ येणारा कुणीतरी हवाच.