अटॅक्सिन-२

तंत्रिका तंत्राच्या आनुवंशिक ऱ्हासाशी निगडित असलेले प्रथिन. मुंबईचे तंत्रिकाविज्ञ नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ मध्ये ९ कुटुंबांच्या अभ्यासावरून, तोल जाणे व डोळ्यांच्या हालचाली मंदावणे ही लक्षणे असलेला विकार वर्णिला. अशा विकारास कारणीभूत असणारा, बाराव्या गुणसूत्रावरील जीन १९९६ मध्ये सापडला. त्यातील दोषामुळे या प्रथिनातील ग्लुटामिनाची साखळी लांबते व निमस्तिष्कातील कोशिका नष्ट होत जातात. मध्यम लांबीची साखळी ए. एल. एस. या स्नायुशोषक विकाराचा धोका वाढविते, असे २०१० मध्ये आढळल्याने हे प्रथिन औषधाचे लक्ष्य ठरले. त्या विकारावरील औषधाच्या चाचणीत रुग्णांच्या मेरुद्रवातील अटॅक्सिन-२ घटले. परंतु तंत्रिकाहानीचे सूचक असलेले न्यूरोफिलामेंट घटले नाही व रुग्णांना लाभही झाला नाही. २०२४ मध्ये हे संशोधन थांबविण्यात आले.