ध्रुवांवरचे बर्फ : दिसलेले आणि न दिसलेले



पोळा अमावस्येचा. तोरण सुटते, बैल घरी येतात आणि त्या रात्री आपल्या सावरगावच्या आभाळात चंद्र नसतो. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर गोटमारीची गर्दी होते. त्या न दिसणाऱ्या चंद्राविषयी आज बोलायचे आहे. पण गोष्ट सुरू होते मंगळापासून.

मंगळाच्या ध्रुवांवरचे पांढरे डाग ऋतूंप्रमाणे लहानमोठे होतात, हे पाहून विल्यम हर्शेलने १७८४ मध्ये अनुमान केले, की ते पृथ्वीवरच्यासारखे हिम असावे. पुढे पर्सिव्हल लॉवेलने तर त्या वितळत्या हिमावर कालवे काढून अख्खी शेती कल्पिली. अखेर १९६६ मध्ये लेटन आणि ब्रूस मरे यांनी गणिताने सांगितले, की हिवाळ्यात साचणारा तो थर गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा आहे. १९६९ मध्ये मरिनर-७ यानाने त्याला दुजोरा दिला. उन्हाळ्यातही उत्तर ध्रुवावर टिकणारा भाग मात्र पाण्याच्या बर्फाचाच ठरला.

याच मरेने १९६१ मध्ये वॉटसन आणि ब्राउन यांच्यासह उलटा तर्क मांडला होता : कोरड्या मानलेल्या चंद्रावर बर्फ असू शकेल. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला असल्याने ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजालाच चिकटून फिरतो. तिथल्या खोल विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही. आपली अमावस्या एका रात्रीत सरते, त्यांची सरत नाही.

पुराव्याच्या वाटेवर आपले चंद्रयान-१ आहे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी ते निघाले. त्यावरील अमेरिकन उपकरणाच्या नोंदींतून २००९ मध्ये चंद्रपृष्ठावर पाण्याच्या खुणा जाहीर झाल्या आणि त्याच नोंदी पुन्हा तपासून २०१८ मध्ये ध्रुवांजवळच्या सावलीतले उघडे बर्फ ओळखले गेले. यान आपले, उपकरण त्यांचे. श्रेय दोन्ही काठांचे.

चंद्रयान-३ बर्फावर उतरले, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते २३ ऑगस्ट २०२३ रोजी सुमारे ६९ अंश दक्षिणेला, उन्हात उतरले. अभिमान जरूर बाळगावा, पण जे घडले त्याचाच. पांढरे दिसले म्हणून पाणी मानण्याची चूक एकदा झाली आहे.