पोहऱ्याचा कुरुंद आणि वस्तऱ्याची धार

भंडारा जिल्ह्याची ख्याती पितळी भांड्यांची, तळ्यांची आणि तांदळाची. परंतु लाखनी तालुक्यातील मौजे पोहरा येथील टेकड्यांत निसर्गाने असा एक पाषाण ठेवून दिला आहे की, काठिण्याच्या बाबतीत ज्याची गणना हिऱ्याच्या खालोखाल करावी लागते. हा कुरुंद होय. शास्त्रीय मापनात हिऱ्यास 10 अंक दिला असता कुरुंदास 9 आणि गारगोटीस अवघे 7 मिळतात. माणिक आणि नीलम ही याच खनिजाची पारदर्शक, भाग्यवान रूपे. भूगर्भशास्त्रज्ञ टी. एच. हॉलंड यांनी 1898 मध्ये हिंदुस्थानातील कुरुंदावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, यावरून सरकारदरबारी या दगडाचे मोल किती होते हे ध्यानात यावे. वस्तऱ्याच्या इतिहासात मात्र त्याचे नाव सहसा घेतले जात नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते. कारण पाते घडते ऐरणीवर, पण धार उपजते ती दगडावर.

ऐरणीवरचे काम मोलाचे नाही असे मुळीच नाही. वस्तऱ्याला साधे मऊ लोखंड चालत नाही. त्यास पोलादच हवे, आणि तेही बेताने तापविलेले. लालबुंद पट्टीवर घणाचे घाव घालून लोहार एका अंगास जाड पाठ राखतो, दुसरे अंग धारेच्या दिशेने उतरते करीत नेतो आणि मुठीकडे शेपटी ओढून काढतो. मात्र धारेचे अंग तो मुद्दामच थोडे जाड सोडतो, कारण पातळ झालेले पोलाद पाणी देताना वाकडे होते किंवा तडकते. पाणी दिलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून त्यास पुन्हा मंद आचेवर धरावे लागते, आणि घासून उजळलेल्या पृष्ठभागावर गवती पिवळा रंग उमटताच क्षणाचाही विलंब न लावता बाजूस घ्यावे लागते. हाच रंग निळ्यावर गेला की धार टिकण्याची आशा सोडावी. तापमापक यंत्रावाचून, केवळ डोळ्याच्या भरवशावर हा निर्णय करणाऱ्या कारागिराच्या ज्ञानास आपण अशिक्षिताचे कसब म्हणून बाजूस सारीत आलो, हे बरे झाले नाही.

यानंतर पाते धार लावणाऱ्या शिकलगाराकडे जाई, आणि येथे कुरुंदाचे राज्य सुरू होई. दगड कुटून, चाळून त्याचा भरड आणि बारीक असा निरनिराळा कणीदार चुरा करावयाचा, वितळलेल्या लाखेत तो कालवावयाचा आणि त्याची चाकासारखी जाड चकती थापून लाकडी आसावर बसवावयाची. ही झाली सहाण. आसाला वेढलेला पट्टा समोर बसलेला मदतनीस आळीपाळीने दोन्ही हातांनी ओढी, त्यामुळे चाक एकदा पुढे व एकदा मागे फिरे, आणि शिकलगार अंदाज घेऊन पाते टेकवी व उचली. लाख उष्णतेने मऊ पडते, आणि पोलादाचे पाणीही उष्णतेनेच उतरते. म्हणून पाते वारंवार भिजवीत, हलक्या हाताने घासण्यावाचून गत्यंतर नसे. भंडाऱ्याच्या रानांत पळसावरील लाखेची उपज जुनी असल्याने सहाणेला लागणारी दोन्ही द्रव्ये, दगड आणि लाख, या एकाच मुलखात नांदत होती.

वस्तऱ्याची खरी करामत त्याच्या पाठीच्या जाडीत आहे. निसण्यावर, म्हणजे धार लावण्याच्या दगडावर, पाते सपाट ठेवले असता पाठ आणि धार ही दोन्ही दगडास टेकतात, आणि त्यामुळे धारेचा कोन कारागिराच्या हाताने नव्हे तर पात्याच्या आकारानेच ठरून जातो. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांचे प्रमाण साधारण एकास साडेतीन राहिले की हा कोन 16 अंशांच्या आसपास येतो. पुढे निसणा, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर धारेच्या उलट दिशेने ओढणे, ही नित्याची सेवा न्हाव्याकडे असे. बलुत्याच्या वहिवाटीत त्याचा मोबदला धान्याच्या रूपाने मिळे, आणि भाताच्या या मुलखात ते धान्य म्हणजे धान. सुगीच्या वेळी खळ्यावरून मिळणाऱ्या त्या वाट्यावर धोकटीतील वस्तऱ्याची निगा अवलंबून होती.

या व्यवस्थेस धक्के बसले ते दुरून. इंग्लंडातील शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने 1740 च्या सुमारास मुशीत पोलाद वितळविण्याची रीत बसविली आणि तेथील वस्तरे जगभर जाऊ लागले. गंमत अशी की, त्याच इंग्लंडात जेम्स स्टोडार्ट आणि मायकेल फॅराडे हे 1820 च्या सुमारास दख्खनच्या पोलादाचे रहस्य उकलण्यासाठी प्रयोग करीत होते, आणि फॅराडेने आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे स्नेह्यांस भेट दिले होते. 1882 पावेतो नागपूरहून राजनांदगावपर्यंत लोहमार्ग भंडाऱ्याच्या मुलखातून गेला, आणि परदेशी मालास दार सताड उघडले. 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यास विजेच्या भट्टीत कार्बोरंडम सापडले; कारखान्यात हवे तितके निपजणाऱ्या या कृत्रिम द्रव्यापुढे रानातून कुटून आणलेल्या कुरुंदाचा निभाव लागणे कठीण झाले. 1903 मध्ये जिलेटचे फेकून देण्याजोगे पाते विक्रीस आले, आणि धार ही जपण्याची वस्तू आहे ही कल्पनाच डळमळली. मालगुजारी ही जमीनमहसुलाची जुनी पद्धत 1951 मध्ये संपुष्टात येईतो गावगाड्याची जुनी देवघेवही बरीच सैल झाली होती.

आज न्हावी अर्धे पाते मुठीत अडकवून दाढी करतो आणि ते लगेच टाकून देतो. सहाणेची त्यास गरज नाही. पोहऱ्याच्या पट्ट्यात कुरुंदासोबत आढळणाऱ्या सिलिमनाइट आणि कायनाइट या खनिजांना मात्र मागणी आहे. प्रखर उष्णतेत न वितळणाऱ्या विटा त्यांच्यापासून होतात, आणि त्या पोलादाच्या भट्ट्यांच्या अस्तरास लावतात. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजही पोलाद बनविण्याच्याच कामी खर्ची पडते.